लॅग नेमका कुठला? गेमिंग पीसीच्या जोडणीपासून पिंगपर्यंत

गेल्या दिवाळीत साताऱ्याला बहिणीकडे गेलो, तर चपला काढायच्या आतच भाचा म्हणाला, “मामा, नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी लॅग जात नाहीये. आता प्रोसेसर बदलू का?” कार्डासाठी त्याने वर्षभर साठवलेले पैसे घातले होते. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम चालू होता. कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला तयार होणारी चित्रं) १५०च्या आसपास, पिंग (सर्व्हरपर्यंत, म्हणजे सामना चालवणाऱ्या दूरच्या कंप्युटरपर्यंत, जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ९. पाच मिनिटं सगळं सुरळीत चाललं, मग समोरचा खेळाडू एकदम इकडून तिकडे उडाला आणि पिंगचा आकडा २३० झाला. एफपीएस होता तिथेच होता. पलीकडच्या खोलीत बहिणीचा फोन चार्जिंगला लावलेला, आणि त्यातून नात्यातल्या एका लग्नाचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. बॅकअप थांबवला, पिंग पुन्हा ९. मग सेटिंग उघडून पाहिलं तर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर गेलं वर्षभर ६० वरच चालत होता.

त्या मुलाने पैसे चुकीच्या जागी घातले, कारण ‘लॅग’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी दुखणी ढकलतो. एक दुखणं पेटीतलं, म्हणजे चित्र वेळेवर तयार न होणं. दुसरं तारेतलं, म्हणजे सर्व्हरची खबर वेळेवर न पोहोचणं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून नवा पीसी घेणार असाल किंवा जुन्यावर खर्च करणार असाल, तर आधी दहा मिनिटं निदानाला द्या.

निदान कसं करायचं

गेममधला एफपीएस, पिंग आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहितीची पाकिटं) हे तीनही आकडे पडद्यावर दिसतील असं सेटिंग करा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांत ती सोय आतच आहे. मग अडखळणं सुरू झालं की नीट पाहा. अख्खं चित्र गोठलं, पण डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर मित्राचा आवाज तसाच चालू राहिला, तर दोष पीसीत. चित्र लोण्यासारखं सरकतंय पण बाकीचे खेळाडू उड्या मारतायत, गोळी लागून लागत नाही, आपण पुढे जाऊन पुन्हा मागे ओढले जातोय, आणि त्याच वेळी मित्राचा आवाजही तुटतोय, तर दोष नेटवर्कचा.

खात्री करायची असेल तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बॉट्सबरोबर (कंप्युटरने चालवलेल्या खेळाडूंबरोबर) ऑफलाइन खेळा. तो सामना तुमच्याच यंत्रावर चालतो, इंटरनेटचा संबंधच येत नाही. तिथेही अडखळत असेल तर राउटरकडे पाहायची गरज नाही.

भाग निवडताना

नवा पीसी घ्यायचा तर खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करा, असं माझं ठाम मत आहे. तुमचा मॉनिटर १०८० पी (१९२० × १०८० ठिपक्यांचा) आणि १४४ हर्ट्झचा असेल, तर त्याला पुरेल एवढंच कार्ड घ्यायचं. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ६.९ मिलिसेकंदांनी. डोळ्यांना जाणवणारा सर्वांत मोठा फरक इथे मिळतो. त्यासाठी कार्डाची वरची पायरी घ्यायची गरज पडत नाही.

ग्राफिक्स कार्डावर एकूण बजेटचा ३५ ते ४० टक्के भाग जाऊ द्या. १०८० पी साठी आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० या वर्गातलं कार्ड पुरतं. दोन्हींवर ८ जीबी मेमरी आहे. स्पर्धात्मक शूटर गेमना ती भरपूर, पण मोठ्या जगाचे नवे गेम वरच्या टेक्स्चर सेटिंगवर खेळायचे असतील तर अपुरी पडू लागली आहे. तशी हौस असेल तर १२ किंवा १६ जीबीचं कार्ड पाहा. विजेच्या बाबतीत ४०६० फार काटकसरी, ११५ वॉट. आरएक्स ७६०० चे १६५. ज्याच्याकडे छोटा यूपीएस आहे त्याने हा फरक लक्षात घ्यावा.

प्रोसेसर सहा कोरचा पुरे. कमी पैशांत रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, थोडी ऐपत असेल तर रायझन ५ ७६००. ५६०० हा एएम४ या जुन्या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर बसतो. ते सॉकेट २०१६ पासूनचं आहे, त्यामुळे पुढे प्रोसेसर बदलायला फारशी वाट उरलेली नाही. ७६०० हा २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर बसतो, त्याला डीडीआर५ रॅम लागते. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. ५६०० आणि १२४००एफ यांच्यात स्वतःचं ग्राफिक्स अजिबात नाही. उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स असतं, तेवढ्यावर अभ्यास, ऑफिसचं काम निभावतं. घरात एकच कंप्युटर असेल तर मी या एका कारणासाठीही ७६०० कडे झुकेन.

रॅम १६ जीबी, पण दोन पट्ट्यांत. “आत्ता १६ची एक पट्टी घ्या, पुढे दुसरी टाकू” हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. एका पट्टीवर मेमरीचा एकच मार्ग चालतो, आणि त्याचा फटका सरासरी एफपीएसपेक्षा मधूनमधून बसणाऱ्या झटक्यांत जास्त दिसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून हा मोह वाढला आहे. तरीही ८-८ च्या दोन घ्या. साठवणीसाठी थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी, १ टीबी. जुन्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो, साधी तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३००० च्या पुढे जाते. पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीने गेममध्ये जाणवेल असं काही हाती लागत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. इथे लोक सर्वांत आधी काटकसर करतात आणि सर्वांत जास्त पस्तावतात. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा ‘४५० वॉट’ लिहिलेला डबा वापरू नका. हातात घेतला की त्याचा हलकेपणाच सांगतो आत काय आहे ते. नावाजलेल्या कंपनीचा, किमान पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० किंवा ६५० वॉटचा एसएमपीएस घ्या. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड ही पदवी वीज किती वाया जाते एवढंच सांगते, आतले कपॅसिटर आणि संरक्षण कसं आहे ते सांगत नाही. त्यामुळे पदवीइतकीच वॉरंटीची वर्षंही पाहा.

कॅबिनेटला समोर जाळी हवी. काचेचं तोंड असलेली रंगीत दिव्यांची कॅबिनेटं दुकानात सुरेख दिसतात, पण समोरून हवा आत जात नाही. पुढे दोन पंखे आत हवा ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढी रचना पुरते.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर आधी सगळ्या भागांची नेमकी मॉडेलं कागदावर लिहून न्या. ग्रँट रोड स्टेशनवरून पाच मिनिटांची चाल. तीन-चार दुकानांत तोच कागद दाखवा. सगळं एकाच ठिकाणी घेतलं की दर उतरतो. “हे संपलंय, त्याच्यासारखंच दुसरं देतो” म्हणाले तर तिथेच थांबा आणि फोनवर त्या दुसऱ्या मॉडेलची माहिती वाचा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटीच्या दारात बिलाशिवाय कोणी उभं करत नाही. मदरबोर्ड घेताना विचारा, याचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) माझ्या प्रोसेसरला चालेल असा आहे का? बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नवा असेल, तर यंत्र सुरूच होत नाही. दुकानातच अपडेट करून मागा, बहुतेक जण करून देतात.

जोडणी

लागतं काय, तर एक चांगला चुंबकी फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, लाकडी टेबल आणि दोन-तीन निवांत तास. सतरंजीवर किंवा गादीवर बसून काम करू नका. हात लावण्याआधी आणि मधूनमधून एसएमपीएसच्या किंवा कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

कॅबिनेट बाजूला ठेवा आणि मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून सुरुवात करा. आधी प्रोसेसर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलमध्ये सॉकेटला. पिना कुठेही असोत, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवा, सोडा, आणि मगच खटका लावा. दाबावं लागतंय असं वाटलं की उचला आणि पुन्हा पाहा.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. चार खाचांच्या जवळपास सगळ्या बोर्डांवर हीच जागा असते. शेजारी-शेजारी लावल्या की दोन मार्ग मिळत नाहीत. ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. इथे थोडा जोर लागतो, घाबरू नका. मग एनव्हीएमई, तिरकी सरकवून, खाली दाबून स्क्रू. बोर्डाचं हीटसिंक तिच्यावर बसवण्याआधी पॅडवरचा पातळ प्लास्टिकचा कागद काढा.

मग प्रोसेसरवर थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता कूलरकडे नेणारा लेप. हिरव्या तुरीच्या दाण्याएवढी, बरोबर मध्यभागी. कंपनीच्या कूलरला ती आधीच लावलेली असते, मग वरून लावायची नाही. ५६०० बरोबर येणारा कूलर स्क्रूचा आहे, त्यामुळे सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आधी सोडवाव्या लागतात. हे न कळल्याने अनेक जण अर्धा तास झटतात. स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच. बाहेरून वेगळा कूलर घेतला असेल तर त्याच्या तळाचा पारदर्शक कागद काढलात का, हे स्वतःला मोठ्याने विचारा. तो कागद तसाच राहिल्यामुळे सुरू होताच ९० अंशाला पोहोचलेला प्रोसेसर मी स्वतः उघडून पाहिला आहे.

आता कॅबिनेट. बोर्ड ज्यावर बसतो ते पितळी खुंट योग्य छिद्रांखाली आहेत ना ते पाहा. जिथे छिद्र नाही तिथला जादा खुंट काढा, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची आयओ पट्टी सुटी आली असेल तर बोर्डाच्या आधी ती बसवा. एसएमपीएसच्या वायरींत दोन गोष्टी सारख्या दिसतात आणि लोक तिथे गोंधळतात. प्रोसेसरची आठ पिनांची वायर चार-चार अशी दुभंगते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. ग्राफिक्स कार्डाची सहा-दोन अशी दुभंगते. जोर लावून एक दुसरीच्या जागी घुसवू नका. पॉवर बटणाच्या बारीक वायरी कुठे लावायच्या ते बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच लावा.

शेवटी कार्ड. सर्वांत वरच्या लांब खाचेत बसवून मागे स्क्रू आवळा, वायर जोडा. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड मेमरीची ओळख करून घेत असतो. या वेळात घाबरून वीज बंद करू नका. त्यानंतरही काही नसेल तर बोर्डावरचे चार बारीक दिवे पाहा, त्यांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. जो पेटून राहिला तिथे अडलंय. डीरॅम असेल तर दहापैकी आठ वेळा पट्टी नीट दाबली गेलेली नसते.

बायोसमध्ये गेल्यावर रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा. ते न केल्यास ६००० ची म्हणून विकत घेतलेली डीडीआर५ साधारण ४८०० वरच चालत राहते. व्हॅलोरंट खेळणार असाल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे पर्यायही चालू हवेत, विंडोज ११ वर त्याचं संरक्षक सॉफ्टवेअर ते मागतं. विंडोज लावून झालं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका आणि लगेच डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला. विंडोज तो अनेकदा आपणहून ६० ला ठेवतं.

वीज आणि ऊन

पावसाळ्यात कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार फार घरांतून येते. ती एसएमपीएसची खोड म्हणून सोडून देऊ नका. टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला लावा. दिवा मंद पेटला तर भिंतीवरच्या त्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर पीसी बंद ठेवा. अर्थिंग नसलेल्या घरात स्पाइक बस्टरही अर्धाच उपयोगी.

यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीएचा असतो, वॉटचा नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. ४०६० आणि ५६०० चा पीसी मॉनिटरसकट खेळताना अडीचशे वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे तो झेपेल, पण मिनिटं थोडीच मिळतील. गेम सोडून नीट बंद करण्यापुरती. कार्ड त्याहून मोठं असेल तर १००० व्हीए. आणि वीज गेली की राउटरही मरतो, तेव्हा त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. रँक्ड सामन्याच्या मध्यात एमएसईबीने झटका दिला की त्याची किंमत कळते.

उन्हाबद्दल विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सांगतो. खोली जेवढ्या अंशांनी तापते, चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त तापते. डिसेंबरात ६५ अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात ८० गाठतं, ते बिघडलेलं नसतं. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे एफपीएसला मॉनिटरच्या दराएवढी मर्यादा घालणं. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर २६० फ्रेम काढून उष्णतेत फार भर पडते. आणि दर तीन महिन्यांनी धूळ उडवा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. ब्लोअरच्या झोताने ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

आता तारेतलं दुखणं

पीसी सुदृढ आहे हे ठरलं की मग नेटवर्क. इथे पहिला नियम: वेग आणि पिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक शूटर गेमना १ एमबीपीएसदेखील पुरतो. १०० वरून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला म्हणून पिंग उतरत नाही.

प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला एक-दोन मिलिसेकंद हा निसर्गाचा कर, बाकी उपकरणांचा. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, तिथे ३९ च्या खाली कोणीही जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात ६० च्या आसपास मिळतो. न्यू जर्सीतल्या मित्राबरोबर मुंबईच्या सर्व्हरवर खेळायचं म्हटलं तर त्याचा पिंग दोनशेच्या घरात असणार. त्यात त्याच्या राउटरचा दोष नाही. म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबई निवडला आहे ना, ते पाहा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत.

मग तीन टप्प्यांत मोजा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की डीफॉल्ट गेटवे दिसतो, तो तुमचा राउटर, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. आता पिंग ही आज्ञा, मोकळी जागा, तो पत्ता, पुन्हा मोकळी जागा आणि डॅशला चिकटून टी. पाच मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी. खाली किमान, कमाल, सरासरी आणि किती पॅकेट हरवली ते येतं. दुसऱ्या खिडकीत हेच ८.८.८.८ या पत्त्यासाठी करा. तिसरा आकडा गेममधला. केबलवर राउटरचा पिंग १ मिलिसेकंदच्या आत हवा, आणि कमालही दोन-तीनच्या वर जाता कामा नये. राउटरलाच ४०-५० चे झटके दिसले तर कंपनीला फोन करू नका, दोष तुमच्या घरातल्या हवेत, म्हणजे वायफायमध्ये आहे.

घरातली हवा

फायबर लावायला आलेला माणूस राउटर दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर ठेवून जातो. कारण तार तिथून येते. मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. एका इमारतीत वीस राउटर असले की ते सगळे त्याच तीन चॅनलांवर भांडतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. वायफायच करायचा असेल तर राउटर मधल्या खोलीत, उंचावर आणि ५ गिगाहर्ट्झ.

पण माझं ऐकाल तर केबल टाका. सहा अँटेनांचा कोळ्यासारखा दिसणारा ‘गेमिंग राउटर’ घेण्याच्या पैशांत अख्ख्या घरात केबल फिरते. कॅट ६, शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल मिळते, ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. दोन-चार वेळा वाकली की तुटते. १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही, आपल्या घराला वीस पुरतात. स्कर्टिंगवरून पांढऱ्या पीव्हीसी पट्टीतून न्या, म्हणजे घरच्यांचाही विरोध मावळतो.

टाकून झाल्यावर नेटवर्कच्या स्थितीत लिंकचा वेग पाहा. १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला, तर आठपैकी एखादी तार क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग दाबून बसवताना) बसलेली नाही, कारण १०० ला चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. त्याने पिंग वाढत नाही, पण सैल जोड आज ना उद्या पॅकेट हरवायला लागतो. टोक कापून पुन्हा क्रिम्प करून घ्या.

खंबाटकीची रांग

भाच्याच्या घरचं दुखणं मात्र केबलनेही गेलं नसतं. सणासुदीला खंबाटकी घाटात ट्रकांची रांग लागली की मागून आलेला दुचाकीवालाही अडकतो. त्याला जागा जेमतेम लागते, तरी पुढच्या ट्रकांमागे थांबावं लागतं. गेमचं पॅकेट म्हणजे ती दुचाकी, आणि लग्नाचे व्हिडिओ म्हणजे ट्रक. राउटर येईल ते पॅकेट रांगेत साठवत राहतो, कोणालाच नकार देत नाही, आणि रांग सेकंदभर लांब होते. याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांनी रूढ केलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवायची कोडेल ही पद्धत मांडली.

ओळखायचं कसं? ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. पिंग १० वरून १५-२० झाला तर ठीक. शेकड्यात गेला तर हेच दुखणं. अपलोड हा खरा चोर आहे: फोटोंचे बॅकअप, क्लाउडवर चित्र पाठवणारे सीसीटीव्ही, विंडोजचं अपडेट दुसऱ्या पीसींना वाटून देणारं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. ते शेवटचं आधी बंद करा. बॅकअप रात्री दोननंतर होईल असं लावा.

कायमचा उपाय राउटरमधलं एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरमध्ये ते मिळतं, पद्धत केक किंवा एफक्यू-कोडेल निवडायची. मुद्दा आकड्यांचा आहे. तुमची लाइन प्रत्यक्ष ४० एमबीपीएस देत असेल, तर एसक्यूएममध्ये दोन्ही दिशांना ३४ ते ३६ टाका. थोडा वेग सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तुमच्या ताब्यात राहते. एसक्यूएम नसलेल्या राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाचा पर्याय असेल, तिथे अपलोडला ८५ टक्क्यांची मर्यादा घातली तरी बराच फरक पडतो. साताऱ्याला जुन्या पडलेल्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी चढवून दिलं. आता बहिणीचे फोटो आणि भाच्याचा सामना एकाच वेळी चालतात, पिंग १४ च्या वर जात नाही.

दाराबाहेर

घरातलं सगळं स्वच्छ असूनही गेमचा पिंग जास्त असेल तर पॅकेटचा मार्ग तपासायचा. ट्रेसर्ट ही आज्ञा पॅकेट कुठून कुठून जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवते. गेमच्या सर्व्हरचा पत्ता रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क भागात मिळतो. वाचताना एक चूक टाळा: मधल्या एखाद्याच टप्प्यावर १२० किंवा नुसत्या चांदण्या (*) दिसल्या आणि पुढचे टप्पे पुन्हा १० वर आले, तर काही बिघडलेलं नाही. तो राउटर फक्त उत्तर द्यायला आळस करतो. एका टप्प्यापासून शेवटपर्यंत आकडा चढलेलाच राहिला, तरच तिथे गडबड.

डीएनएस बदलून पिंग कमी होतो, हा समज सोडा. डीएनएस पत्ता शोधून देतो, नंतरच्या प्रवासाशी त्याचा संबंध नसतो. सीजीनॅटनेही (कंपनीने अनेक ग्राहकांना एकच इंटरनेट पत्ता वाटून देण्याने) पिंग वाढत नाही, पण मित्राला थेट जोडता न येणं, ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ दिसणं ही त्याची लक्षणं. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू करा किंवा कंपनीकडे स्थिर पत्ता मागा.

पुण्यात माझ्या घरी दोन वर्षांपूर्वी एका लहान स्थानिक पुरवठादाराचं कनेक्शन होतं. दिवसा पिंग ६, रात्री साडेआठनंतर ७४. ट्रेसर्टमध्ये चौथ्या टप्प्यानंतर सिंगापूरची खूण दिसायची. पुणे ते मुंबई पॅकेट सिंगापूरला वळसा घालून येत होतं. फोनवर “नेट स्लो आहे” म्हटलं की ते राउटर बंद-चालू करायला सांगत. मग मी तीन रात्री नऊ वाजता आणि तीन सकाळी ट्रेसर्ट चालवला, सहाही नोंदी वेळेसकट एका ईमेलमध्ये टाकल्या, केबलवर मोजलंय हे लिहिलं, गेमच्या सर्व्हरचा पत्ता दिला आणि विषयात ‘स्पीड’ शब्द न लिहिता ‘रात्रीचा मार्ग चुकतोय’ असं लिहिलं. तक्रार क्रमांक मागून घेतला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रारीवर अपील ऐकणारं प्राधिकरण ठेवावं लागतं, त्याचाही उल्लेख केला. नवव्या दिवशी त्यांच्या नेटवर्कच्या माणसाचा स्वतःहून फोन आला, “सर, आता एकदा ट्रेस मारून बघा.” रात्रीचे सव्वानऊ झाले होते. पिंग ७ होता.